मयताच्या घरी काय बोलायचं, हे वहीत लिहिणारी बाई

“मॅडम, लगीन झालं, दोन लेकरं झाली, पंधरा वर्षांपासून शाळेत शिकवायलेय. मला आता ऑटिझम कसा काय असंल?”

परभणीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न अलीकडे बऱ्याच जणी विचारतात. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता : मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळे माणसांत वागायचे न सांगितलेले नियम आपोआप कळत नाहीत, आवाज-स्पर्श सोसत नाहीत. ही बाई ३८ वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) धाकट्याच्या ऑटिझमच्या तपासणीसाठी प्रश्नावली भरताना तिचा पेन मध्येच थांबला होता. हे तर आपलंच लिहिलंय!

आधी माझी चूक सांगते. वर्षभरापूर्वी ती येऊन गेली, तेव्हा मी फाइलवर ‘सामाजिक भीती’ लिहून मोकळी झाले होते. नीट बोलते, नजर देते, वेळेवर हसते. मला दुसरी शंकाच आली नाही.

या खेपेला तिनं पर्समधून एक जुनी वही काढली. अकरावीपासूनची.

‘मयताच्या घरी : कसं झालं, एकदाच विचारायचं. मग गप बसायचं.’

‘हळदीकुंकू : साडी कुठून घेतली. (देशमुख काकूंना मागच्या वर्षी विचारलं, यंदा नको.)’

‘या एकदा घरी, असं कुणी म्हटलं तर कधी येऊ हे विचारायचं नाही.’

सामाजिक भीतीत कसं वागायचं ते सहसा कळत असतं, लोक हसतील ही धास्ती असते. घरच्या माणसांत ती बरीच ओसरते. हिला सख्ख्या बहिणींतही वही लागायची. शिवाय जरीचे काठ टोचायचे, कुकरची शिट्टी झाली की कानावर हात, आणि लग्नाहून आलं की दोन दिवस अंधाऱ्या खोलीत. सासरचं निदान : नखरे.

१९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं, त्या ११ मुलांत ८ मुलगे होते. ऑटिझम म्हटलं की मुलगाच डोळ्यापुढे येतो, माझ्याही आला होता. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक निदानाचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, मात्र शिकून घेतलेल्या युक्त्यांनी लक्षणं झाकली जाऊ शकतात, हे स्पष्ट नोंदवलंय. सुरुवात लहानपणीच झालेली असावी लागते. म्हणून आईला गंगाखेडहून बोलावलं.

“लग्नात बाकीची लेकरं नाचायची,” आई म्हणाली, “ही पत्रिका लावत बसायची. आधी गावावरून, मग रंगावरून. कुणी हलवली की रडून गोंधळ.”

मोबाइलवरच्या चाचणीनं निदान होत नाही, आणि ते माझंही काम नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. अहवाल आला तेव्हा नवऱ्यानं विचारलं, “गोळी कोणती?” ऑटिझमवर गोळी नाही, सोबतच्या चिंतेवर, झोपेवर उपचार होतात. बाकी घरातलंच ठरवलं : शाळेतून आल्यावर अर्धा तास तिच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि लग्नात बँडपासून लांब बसायचं.

“पावण्यांना काय सांगू?” नवरा म्हणाला. “डोकं दुखतंय म्हणू का?”

“खोटं कशाला?” ती म्हणाली. “गोंगाट सोसत नाही म्हणा.”