यरुशलेमच्या मंदिरात मूर्ती नव्हती, मग आत होतं काय? आणि ज्यू लोक आता बळी का देत नाहीत?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मूर्ती नव्हती तर मंदिर बांधलंच कशाला, ते आपल्या चर्च-मशिदीसारखं प्रार्थनेचं ठिकाण होतं का, आणि आज ज्यू लोक बळी का देत नाहीत. मधल्याचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे: नाही, प्रार्थनेचा हॉल वगैरे अजिबात नव्हता. साधा माणूस त्या इमारतीच्या आत कधी जायचाच नाही. तो आपलं कोकरू, कबुतर, पीठ-तेल जे काय असेल ते घेऊन अंगणापर्यंत यायचा, वेदी बाहेर उघड्यावर होती, तिथेच रक्त, धूर, मांस, सगळं. आत फक्त याजक (पुजारी), आणि सगळ्यात आतल्या खोलीत फक्त महायाजक, तोही वर्षात एकाच दिवशी.

म्हणजे ते देवाचं घर होतं. बायबलमधे त्याला घरच म्हणतात, आणि आतलं सामानही घराचंच: दिवे, धूप, एक टेबल आणि त्यावर बारा भाकरी ज्या दर शब्बाथला (शनिवारी) बदलायच्या. शलमोनाने बांधलेलं पहिलं मंदिर (साधारण इ.स.पू. दहावं शतक) पुस्तकात दिलेल्या मापाने ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच, म्हणजे अंदाजे तीसेक मीटर बाय दहा मीटर. लोकांच्या डोक्यात काहीतरी अवाढव्य असतं पण मूळ इमारत एवढीच, भव्य विस्तार केला तो पुढे हेरोद राजाने दुसऱ्या मंदिराच्या वेळी. सगळ्यात आत २० हातांची चौकोनी खोली, परमपवित्रस्थान, तिथे कराराचा कोश (दहा आज्ञांच्या दगडी पाट्यांची पेटी), आणि त्यावर पंख पसरून उभे असलेले दोन करूब (पंख असलेले स्वर्गीय प्राणी), जैतुनाच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले, दहा-दहा हात उंच, दोघांचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

आता इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. परमेश्वर 'करुबांवर बसलेला' असं बायबलमधे पुन्हा पुन्हा येतं आणि कोशाला त्याच्या पायाखालची चौकी म्हटलंय. म्हणजे खोलीत सिंहासन होतं, पाय ठेवायची जागा होती, फक्त बसणाऱ्याची आकृती नव्हती. आपल्याकडे मठात महाराजांची गादी असते, वर कोणी बसलेलं नसतं तरी माणूस तिच्यासमोर वाकतोच, काहीसं तसंच समजा. यशया संदेष्ट्याला जो दृष्टांत होतो त्यात तो देवाला उंच सिंहासनावर बसलेला बघतो आणि नुसत्या झग्याच्या घोळाने सगळं मंदिर भरून गेलेलं असतं. बसणारा केवढा असेल ते बघा.

हे प्लॅन काही एकट्या इस्राएली लोकांचं नव्हतं. सोरचा राजा हिराम याने कारागीर आणि देवदारू पाठवल्याचं बायबलच सांगतं, आणि उत्तर सीरियात ऐन दारा म्हणून ठिकाण आहे तिथलं मंदिर जवळपास याच धाटणीचं. तिथे उंबरठ्याच्या दगडांवर जवळजवळ मीटरभर लांबीची पावलं कोरलेली आहेत, आत जाणारी. देव आला आणि आत गेला, झालं. (२०१८ च्या हवाई हल्ल्यात त्या जागेचं खूप नुकसान झालं, वाईट वाटतं.) कल्पना सगळ्या प्रदेशाची एकच, की देव इथे राहतो. वेगळेपण हेच की यरुशलेममधे त्याचं रूप करायचं नाही.

पण मग देव खरंच त्या खोलीत राहतो का? हा प्रश्न त्यांनाही पडला होता आणि मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण बायबलमधे याचं एकच उत्तर नाहीच. मंदिराच्या उद्घाटनाला शलमोनाच्या तोंडी जी प्रार्थना आहे त्यात तो स्वतःच म्हणतो की आकाश आणि आकाशापलीकडचं आकाशही तुला पुरत नाही, मग मी बांधलेलं हे घर काय पुरणार. बायबलमधलं 'अनुवाद' (Deuteronomy) नावाचं पुस्तक म्हणतं की देव नाही, देवाचं 'नाव' तिथे राहतं. आणि यहेज्केल, जो बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) कैदेत होता, तो सांगतो की मंदिर पडायच्या आधीच देवाचं तेज तिथून उठलं, उंबरठ्यावर आलं, पूर्वेच्या दारापाशी थांबलं आणि शहराबाहेरच्या डोंगरावर गेलं. थोडक्यात इ.स.पू. ५८६ मधे बाबेलच्या सैन्याने जाळलं ते रिकामं घर होतं, देवाचा पराभव वगैरे झालाच नाही. हरलेल्या लोकांनी असा विचार करणं साधी गोष्ट नाही, आजूबाजूच्या किती देवांची मंदिरं पडली आणि त्यांच्याबरोबर देवही संपले.

बळींबद्दल. आपण समजतो की देवाला खूष करायला लाच. संदेष्टेही चिडून तसंच बोलतात, यिर्मया तर मंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला की तुम्ही चोरी, खून, व्यभिचार करता आणि मग इथे येऊन म्हणता आम्ही वाचलो, हे घर काय लुटारूंची गुहा आहे का. पण याजकांची पुस्तकं, म्हणजे मुख्यतः लेवीय, वाचलीत तर हिशोब वेगळा दिसतो. तिथे चिंता अशी आहे की देव अगदी जवळ राहतोय आणि माणसांची पापं, अशुद्धता त्या घराला चिकटत जाते, आणि फार साचली तर तो निघून जाईल. म्हणून वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक पांढरे साधे तागाचे कपडे घालून आत जायचा, धुपाचा धूर करायचा म्हणजे समोरचं नीट दिसू नये, आणि रक्त शिंपडून ती जागाच शुद्ध करायचा. दोन बोकड असायचे, एकाचा बळी आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं ठेवून त्याला रानात अजाजेलकडे (बऱ्याच जणांच्या मते रानातला दुष्टात्मा) सोडून द्यायचं. माझ्या मते मंदिराचा धार्मिक अर्थ एका वाक्यात विचाराल तर हाच: अतिशय जवळ असलेल्या आणि तितक्याच धोकादायक देवाबरोबर एका गावात राहायची व्यवस्था. अंगणांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या हद्दी त्यासाठीच होत्या. दुसऱ्या मंदिराच्या वेळचा एक ग्रीक शिलालेख सापडलाय, १८७१ मधे मिळाला, आज इस्तंबूलला आहे, त्यात परक्यांना सरळ बजावलंय की या कठड्याच्या आत सापडलास तर तुझ्या मरणाला तूच जबाबदार.

आता हे सगळं पुस्तकातलं झालं, जमिनीखाली जे सापडतं ते एवढं स्वच्छ नाही. नेगेवच्या वाळवंटाकडे आराद नावाचा यहूदाच्या राज्याचा (राजधानी यरुशलेमच) किल्ला होता, १९६० च्या दशकात योहानान अहारोनी यांनी तिथे खोदलं तर किल्ल्यात चक्क परमेश्वराचंच एक छोटं मंदिर निघालं, बाहेर न घडवलेल्या दगडांची वेदी (बायबलच्या निर्गम पुस्तकात सांगितलीय तशीच) आणि गाभाऱ्यात उभा केलेला गुळगुळीत दगड आणि दोन धूपवेद्या. तो गाभारा यरुशलेमच्या इस्रायल म्युझियममधे आणून मांडलाय, मी तिथे बराच वेळ उभा होतो, फार लहान आहे हो, दोन माणसं नीट मावणार नाहीत. २०२० मधे त्या वेद्यांवरच्या काळ्या थराची तपासणी जाहीर झाली तर एकीवर लोबान आणि दुसरीवर गांजा निघाला! यावर नेटवर भरपूर विनोद झाले, पण मुद्दा गांजाचा नाही. बायबल म्हणतं मंदिर एकच, यरुशलेमचं, आणि असे उभे दगड तर निषिद्धच, आणि इथे राज्याच्याच किल्ल्यात दोन्ही. म्हणजे 'एकच देव, एकच घर, मूर्ती नाही' हे पहिल्या दिवसापासून नव्हतं, भांडत-भांडत ठरत गेलं. आरादच्या धूपवेद्या आडव्या करून नीट पुरलेल्या सापडल्या, काही अभ्यासक हे हिज्कीया राजाच्या सुधारणांशी जोडतात, काहींना ते पटत नाही.

दुसऱ्या मंदिरात, जे इ.स.पू. ५१५ च्या सुमाराला पुरं झालं, तर कोशही नव्हता. मिश्ना (रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, नियमांचा जुना संग्रह) सांगते की त्याच्या जागी जमिनीपासून तीन बोटं वर आलेला एक दगड होता आणि महायाजक धुपाचं पात्र त्यावरच ठेवायचा. इ.स.पू. ६३ मधे रोमन सेनापती पाँपे सरळ आत घुसला आणि रोमन इतिहासकार टॅसिटसने नंतर लिहिलं की आत देवाची कुठलीच प्रतिमा नाही, जागा रिकामी. रोमन लोकांना हे हास्यास्पद वाटलं असणार.

इ.स. ७० मधे रोमनांनी तेही पाडलं, रोममधे तीतसच्या कमानीवर लुटलेला सात फांद्यांचा दिवा आजही कोरलेला दिसतो. त्या दिवसाचा शोक, ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नववी तारीख, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांमधेही पाळला जायचा, त्यांच्या बोलीत तो 'बिरड्याचा सण'. मंदिर तुटल्याच्या दुःखाला बिरड्याचं नाव, हे फक्त कोकणातच होऊ शकतं.

राहिला तिसरा प्रश्न. बळी बंद झाले कारण नियमाने ते त्या एकाच जागी चालतात आणि ती वेदी राहिली नाही. रब्बींनी मग बळीच्या वेळांना प्रार्थना लावल्या, दानधर्मानेही प्रायश्चित्त होतं असं शिकवलं, त्यामुळे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनेचं ठिकाण) हे मंदिर नव्हे, तिथे तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) गुंडाळ्यांचं कपाट असतं आणि ते यरुशलेमच्या दिशेला. पुण्याच्या लाल देवळात (ते सिनेगॉगच आहे) गेलात तर गाभारा शोधू नका. बरेच धार्मिक ज्यू तर मंदिराच्या टेकडीवर पायही ठेवत नाहीत, चुकून परमपवित्रस्थानाच्या जागेवर पडला तर? वेस्टर्न वॉलजवळ प्रार्थना करतात ती मंदिराची भिंतही नाही, टेकडीला हेरोदाने घातलेल्या आधारभिंतीचा भाग आहे. आणि बळी पूर्ण थांबलेत असंही नाही: नाब्लसजवळ गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन, ज्यूंहून वेगळा समाज) लोक वल्हांडणाला (पासओव्हर सणाला) अजून कोकरं कापतात, स्वतःला खरे इस्राएली म्हणवतात, आणि त्यांच्या मते यरुशलेम ही मुळात जागाच चुकीची निवडली होती.