वाचकांचे प्रश्न : जुना व्हीआर हेडसेट घ्यावा का?

दारव्हा तालुक्यातून एक वाचक : घरी सोनीचा पीएस४ स्लिम (प्लेस्टेशन ४) हा टीव्हीला जोडायचा खेळाचा कन्सोल आहे. नागपूरला एक जण त्याचा २०१६ सालचा प्लेस्टेशन व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी दुनिया बघायचा हेडसेट, विकतो आहे. वरचं खोकं नाही, कॅमेरा नाही, किंमत नऊ हजार सांगतो. एवढ्या जुन्या वस्तूत पैसे घालावेत का? घ्यायचाच झाला तर तिथे बसून काय काय तपासू?

या भावात घेऊ नका. कॅमेरा नसेल तर तो हेडसेट फुकट मिळाला तरी कामाचा नाही. डोकं कुठे वळलं हे हेडसेटमधले सेन्सर सांगतात, पण खोलीत ते कुठे आहे हे कॅमेराच ओळखतो, आणि तेही हेडसेटवरचे नऊ निळे दिवे बघून. कॅमेरा नसताना फार तर सिनेमा बघता येईल.

मात्र संच पूर्ण असेल, चालू असेल आणि सगळं मिळून सात हजारांच्या आत बसत असेल, तर तुमच्यासारख्याने जरूर घ्यावा. कन्सोल घरात आहे, हे तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण. पूर्ण संच म्हणजे हेडसेट, मधला प्रोसेसरचा छोटा डबा, त्याचा १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर, दोन एचडीएमआय केबल, एक यूएसबी केबल, हेडसेटपर्यंत जाणारी लांब जोडकेबल आणि पीएस४ चा कॅमेरा. मूव्ह कंट्रोलरची (हातात धरून हलवायच्या कांड्यांची) जोडी नसली तरी बरेच खेळ साध्या कंट्रोलरवर होतात. अडॅप्टर मात्र नीट वाचून बघा. बाजारात १२ व्होल्टचे सेटटॉप बॉक्सचे अडॅप्टर ढिगाने मिळतात, पण ते बहुतेक एक-दीड अँपिअरचे. त्यावर डबा सुरू होतो आणि खेळ चढला की पडदा काळा होतो. अशा वेळी बिचाऱ्या हेडसेटलाच खराब ठरवलं जातं.

आणखी एक फसगत नेहमी होते. या हेडसेटची दोन मॉडेलं आहेत. पहिल्याच्या वायरवर मध्येच बटणांचा छोटा रिमोट लोंबतो. २०१७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्यात बटणं हेडसेटवरच आहेत, इअरफोन पट्ट्यालाच जोडलेले आहेत, आणि डब्यातून एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त खुलवणारं) चित्र टीव्हीपर्यंत जातं. एकाचा हेडसेट दुसऱ्याच्या डब्याला लागत नाही. "डबा नंतर कुठूनही घ्या" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

तपासायला आपला कन्सोल पिशवीत घालून न्या आणि हेडसेट किमान वीस मिनिटं चालवा, कारण यातले बरेच दोष वस्तू गरम झाल्यावरच दिसतात. सुरू करताना हेडसेट टेबलावर स्थिर ठेवा, लगेच डोक्यावर चढवू नका. आतल्या सेन्सरला स्थिर म्हणजे काय हे तेव्हाच कळतं. मग घाला, मागचं बटण दाबून पट्टा ताणा आणि चकती फिरवून आवळा. डोळ्यांसमोरच्या भागाला खालून उजवीकडे एक बटण आहे, ते दाबून पुढचा भाग नाकाजवळ सरकवा. एकेक डोळा मिटून पांढऱ्या चित्राकडे बघा. उभी रेघ, काळा ठिपका किंवा पिवळसर डाग दिसला तर व्यवहार संपला. पिवळा डाग बहुतेक उन्हाचा असतो. हेडसेट खिडकीत किंवा अंगणातल्या खाटेवर भिंगं वर करून ठेवला की ती भिंगं ऊन गोळा करून थेट पडद्यावर सोडतात, लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसं. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हाला त्यासाठी फार वेळ लागत नाही, आणि जळालेला पडदा दुरुस्त होत नाही.

नंतर केबल हेडसेटमध्ये शिरते तिथे आणि जोडाजवळ दोन बोटांनी हलवून बघा. चित्र लुकलुकलं तर आतली तार तुटत आली आहे. गोल फिरून मागचे दिवेही लागतात का ते दुसऱ्याला बघायला सांगा. दोन्ही कानांत आवाज येतो का, तेही. नाकावरच्या रबरी झालरीला हात लावा. ती चिकट झाली असेल तर हेडसेट घामात किंवा गरम खोलीत पडून होता असं समजा आणि भाव पाडा.

आता त्यातून मिळेल काय? पडदा ५.७ इंची ओलेड, दोन्ही डोळे मिळून १९२० बाय १०८०, म्हणजे एका डोळ्याला निम्माच. दूरची अक्षरं आणि लांबच्या गाड्या पुसट दिसतात, हे मनात धरूनच घ्या. पण काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि पडद्याच्या ठिपक्यांमधली जाळी कमी जाणवते. आमच्या मते एकटा 'अॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन' या हेडसेटची किंमत वसूल करतो. २०१८ चा हा खेळ दुसऱ्या कोणत्याच हेडसेटवर आलेला नाही, बसून खेळायचा आहे आणि मळमळ जवळजवळ करत नाही. 'मॉस' आणि 'टेट्रिस इफेक्ट' हेही बसूनच खेळायचे. डाउनलोडवर विसंबू नका. गावातल्या मोबाइल नेटवर मोठा खेळ उतरायला दिवस जातात, म्हणून डिस्क मिळाली तर डिस्कच घ्या.

वरुडहून एक वाचक : मोठ्या भावाने त्याचा जुना व्हीआर संच दिला. माझ्याकडे पीएस५ आहे. जोडला, पण कॅमेऱ्याची पिनच बसत नाही. पीएस५ चा नवा कॅमेरा घेऊ का?

नवा कॅमेरा घेऊ नका, या हेडसेटला तो चालत नाही. तुम्हाला पीएस४ चाच कॅमेरा आणि त्याची वेगळ्या आकाराची पिन यूएसबीत बदलणारा सोनीचा अडॅप्टर लागेल. तो कन्सोलच्या मागच्या यूएसबी जागेत लावा. भावाकडे तो कुठे पडला आहे का, हे आधी विचारा, कारण तेवढ्यावाचून संच अडतो.

पुढे तीन अडचणी येतील. पीएस५ चा कंट्रोलर व्हीआरमध्ये कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून दिव्याची पट्टी असलेला पीएस४ चा कंट्रोलर सांभाळून ठेवा. ज्या खेळाच्या पीएस४ आणि पीएस५ अशा दोन आवृत्त्या आहेत, त्याची पीएस४ ची आवृत्ती उतरवा, व्हीआर तिच्यातच असतं. आणि टीव्ही १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा) असेल तर एरवी खेळताना केबल डब्यातून न नेता सरळ टीव्हीला लावा, कारण डबा ६० च्या वर जाऊ देत नाही.

केबल काढता-घालताना टीव्ही, कन्सोल आणि डबा तिन्ही बंद करून प्लग काढा. गावाकडच्या बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंग नसतं. टीव्हीच्या अंगात साठलेला विद्युतदाब चालू केबल घालताना एचडीएमआयच्या पिनांतून वाट काढतो आणि पोर्ट जळतं. पावसाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की डिश अँटेनाची वायरही काढून ठेवा.

२०२३ मध्ये आलेला प्लेस्टेशन व्हीआर२ हे वेगळं यंत्र आहे. त्याला बाहेरचा कॅमेरा लागत नाही, एकच वायर लागते आणि चित्र फार स्वच्छ आहे. पण तुमच्या जुन्या व्हीआर डिस्क त्यावर चालणार नाहीत. म्हणून दिलेला संच आधी मन भरून वापरा.

तुमसर भागातून एक वाचक : दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक, दिवसा गर्दी. जुने दोन हेडसेट घेऊन "आभासी दुनिया" असा स्टॉल लावला तर चालेल का? लाइन जनरेटरवर असते.

गर्दी जमेल, पण जुना हेडसेट या कामासाठी घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब. एका माणसाला चार मिनिटं दाखवलं तर बसवणं, पट्टा लावणं, काढणं, पुसणं यात आणखी दोन मिनिटं जातात. म्हणजे तासाला एका हेडसेटवर दहा माणसं. पन्नास रुपये घेतले तर तासाला पाचशे, तेही एकही गिऱ्हाईक रेंगाळलं नाही तर. त्यातून जनरेटरचं भाडं, जागेचा पैसा आणि मदतीला उभा राहणारा मुलगा वजा करा. शिवाय या खेळांचा परवाना घरगुती वापराचा असतो. पैसे घेऊन लोकांना दाखवणं त्यात बसत नाही.

मग तांत्रिक बाजू. कॅमेरा दिवे ओळखतो, त्यामुळे मागे रोषणाईच्या माळा, हॅलोजन किंवा चकाकणारं कापड असलं की तो गोंधळतो आणि बघणाऱ्याची दुनिया एका बाजूला वाहून जाते. त्याला चक्कर येते, तो हेडसेट ओढून काढतो आणि केबल तुटते. पाळण्याच्या मोटारीच्या जनरेटरवर लाइन घेतली तर मोटार सुरू होताना दाब कोसळतो आणि कन्सोल बंद पडतो. डोळे आलेल्या एका माणसाने हेडसेट घातला तर ती साथ त्याच झालरीतून दहा जणांकडे जाते.

तरी गावच्या शाळेत किंवा वाचनालयात मोफत दाखवायचं असेल तर असं करा. तिन्ही बाजूंना काळं, न चमकणारं कापड बांधा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, माणूस त्यापासून दीड ते दोन मीटरवर, हात नसलेल्या खुर्चीत. खुर्चीचे चार पाय चुन्याने जमिनीवर आखून घ्या, कारण प्रत्येक जण उठताना ती सरकवतो. दर वेळी कॅमेऱ्याची जागा बदलली की सेटिंगमधून हेडसेटचे दिवे पुन्हा जुळवून घ्या. दाखवायला 'प्लेस्टेशन व्हीआर वर्ल्ड्स'मधली समुद्रात उतरण्याची सफर घ्या, त्यात बटणं दाबावी लागत नाहीत. प्रत्येकासाठी कागदी कापडाचा वेगळा मुखपट्टा ठेवा. झालर ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. भिंगांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका, वरचा लेप उडतो. कोरडं मऊ फडकं पुरे.

कन्सोल, डबा आणि ३२ इंची टीव्ही मिळून साधारण दोनशे वॉटच्या आसपास जातात. ६०० व्हीएचा यूपीएस लाइन गेल्यावर खेळ नीट बंद करायला पुरतो. अचानक लाइन जाऊन कन्सोल अडखळू लागला तर तो पूर्ण बंद करून पॉवर बटण सात-आठ सेकंद, दुसरी बीप येईपर्यंत दाबून ठेवा, म्हणजे तो सेफ मोडमध्ये (दुरुस्तीच्या पर्यायांच्या यादीत) उघडतो. त्यातला पाचवा पर्याय डेटाबेस नव्याने बांधतो. खेळ आणि सेव्ह पुसले जात नाहीत.

अचलपूरहून एक आई : मुलगा नऊ वर्षांचा आहे, मुलगी चौदाची. भाचा हाच हेडसेट घेऊन आला. मुलीला दहा मिनिटांत उलटीसारखं झालं. मुलाने हट्ट धरला आहे. काय करू?

मुलाला नाही म्हणा. सोनीने या हेडसेटसाठी बारा वर्षांची मर्यादा सांगितली आहे, आणि ती पाळण्यासारखी आहे. लहान मुलाच्या दोन बुबुळांमधलं अंतर कमी असतं आणि या हेडसेटची भिंगं सरकत नाहीत. सेटिंगमध्ये डोळ्यांचं अंतर मोजता येतं, पण त्याने भिंगं जागची हलत नाहीत. मुलाला टीव्हीवर चित्र दिसतंच, काही खेळांत तो कंट्रोलर घेऊन टीव्हीसमोरून सोबत खेळू शकतो.

ताई, मुलीला झालं ते आजारपण नव्हे. डोळे सांगतात आपण धावतोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय. या भांडणातून मळमळ येते. जांभई, तोंडाला पाणी सुटणं किंवा कपाळावर थंड घाम ही पहिली खूण. तेव्हाच काढायचं. "थोडं सहन कर, सवय होईल" म्हणू नका, त्याने पुढच्या वेळी आणखी लवकर होतं. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, बसूनच, आपण स्वतः न हलणाऱ्या खेळापासून सुरुवात करा. खेळाच्या सेटिंगमध्ये वळणं सलग न होता टप्प्याटप्प्याने होईल असं लावा. चित्र वाकडं वाटलं तर ऑप्शन्स बटण दाबून धरा, ते पुन्हा समोर येतं. पंखा समोरून चेहऱ्यावर सोडला तर बराच फरक पडतो, आणि आपण कुठे तोंड करून बसलोय हेही वाऱ्यावरून कळत राहतं. घरात कुणाला मिरगीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

मे महिन्यात दुपारी खेळू देऊ नका. कन्सोल ५ ते ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवला आहे आणि टिनाखालच्या खोलीत त्याच्या कितीतरी वर जातं. कूलरसमोर बसलात तर ओल्या हवेने भिंगांवर वाफ धरते, म्हणून कूलरचं तोंड बाजूला वळवा. घाम झालरीवरून भिंगाच्या कडेने आत उतरतो, तेव्हा कपाळाला सुती पट्टी बांधायला सांगा. कापूस घरात साठवलेला असेल तर कन्सोल त्या खोलीत ठेवूच नका, तंतू पंख्यात बसतात.

अमरावतीहून एक वाचक : जपानहून येणारे नातेवाईक निन्टेन्डो कंपनीचा १९९५ चा व्हर्च्युअल बॉय हा खेळाचा कन्सोल आणतो म्हणतात. खेळायला घेऊ का?

खेळायला नको, जपून ठेवायला हवा असेल तर घ्या. तो टेबलावर दोन पायांवर उभा राहतो, चित्र फक्त लाल आणि काळं, आणि डोकं हलवलं तरी दृश्य हलत नाही. एकूण २२ खेळ निघाले. चित्रात आडव्या रेघा गायब होत असतील तर आतल्या चपट्या केबलचा डिंक सुटलेला आहे, हा त्याचा नेहमीचा दोष. मोबाइलच्या बारीक सोल्डरिंगचा हात असलेला कारागीर ती झाळून देऊ शकतो. तो सहा एए सेलवर चालतो, म्हणून जपानी १०० व्होल्टचा अडॅप्टर आला तर इथल्या २३० च्या बोर्डात थेट घालू नका. ठेवून देताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून पत्र्या खातात.