उरलेल्या नावांची यादी वाचताना
अमेरिकन कॉलेज फुटबॉलची भरती तुम्ही नव्यानेच पाहू लागला आहात, म्हणून सांगतो: विद्यापीठाच्या यादीत उरलेल्या शालेय खेळाडूंच्या नावापुढचे तारे (म्हणजे गुणवत्तेचे मानांकन) मोजण्याआधी संघात कोणती जागा रिकामी होत आहे, ते पाहावे. खेळाडूने एखाद्या विद्यापीठाला दिलेला तोंडी होकार करारावर सही होईपर्यंत बंधनकारक नसतो. डिसेंबर 2021 मध्ये ट्रॅव्हिस हंटर या नावाजलेल्या शालेय खेळाडूने फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला दिलेला शब्द ऐन सहीच्या दिवशी फिरवून जॅक्सन स्टेटची वाट धरली, तेव्हा भलेभले जाणकार तोंडघशी पडले (मीही त्यांतलाच). त्यामुळे अन्यत्र होकार दिलेला मुलगा नोव्हेंबरात आईवडिलांसह तुमच्या मैदानावर सामना पाहायला आला, तर त्याचे नाव यादीतून खोडू नये. बहुतेक सह्या डिसेंबरच्या तीन दिवसांतच उरकतात. फेब्रुवारीतल्या सह्यांसाठी फारसे कोणी उरत नाही.