सर्नच्या खुल्या डेटासेटची माहिती डाउनलोड न करता टर्मिनलवरच कशी पाहायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ताळगावच्या विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सला आहात, डेसर्टेशनसाठी सर्नच्या सीएमएस या कणभौतिकीच्या प्रयोगाच्या खुल्या डेटातून दोन म्युऑन्सचा (इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण) इन्व्हेरिअंट मास (दोघांच्या ऊर्जा-संवेगातून निघणारं एकत्रित वस्तुमान) काढायचा आहे, आणि कुठल्या डेटासेटमध्ये किती इव्हेंट (नोंदलेल्या टकरी) आहेत, फाइल किती मोठी आहे हे पोर्टलवर एकेक पान न उघडता कळेल का?

कळेल. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलचं स्वतःचं पायथनमधलं टूल आहे, सर्नओपनडेटा-क्लायंट. इथे कमांड देवनागरीत लिहितो, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या. टूलच्या नावात सर्न, ओपन, डेटा हे तीन शब्द जोडून, मग हायफन, मग क्लायंट.

शोधाशोध करताना डास आणि पायआमी ही नावंही समोर येतील. हीही डेटासेट शोधायची टूल्सच, डास सीएमएसचं, पायआमी ॲटलास या सर्नच्याच दुसऱ्या प्रयोगाचं. दोन्ही प्रयोगातल्या सदस्यांसाठी आहेत आणि ग्रिड सर्टिफिकेट (सदस्याचं डिजिटल ओळखपत्र) मागतात. ते सोडून द्या, खुल्या डेटाला लॉगिन लागतच नाही.

इन्स्टॉल करताना आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करा. नव्या उबुंटूवर थेट पिप इन्स्टॉल केलं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' म्हणून नकार येतो. तो मोडून काढायला ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस वापरू नका, सिस्टिमचं पायथन बिघडेल.

पायथन3 -एम व्हीएन्व्ह ओपनडेटा
सोर्स ओपनडेटा/बिन/ॲक्टिव्हेट
पिप इन्स्टॉल सर्नओपनडेटा-क्लायंट

टर्मिनल नवा उघडला की दुसरी ओळ पुन्हा द्यावी लागते. 'कमांड नॉट फाउंड' दिसलं तर बहुतेक वेळा तीच राहिलेली असते. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) करा, पुढे रूट (डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सरूटडी (दूरच्या फाइली वाचायची पद्धत) लागले की सोपं जातं.

आता मुख्य काम. हे टूल रेकॉर्ड नेमकं ओळखून मागतं: रेकआयडी (रेकॉर्डचा क्रमांक), डीओआय (संदर्भात द्यायचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा हुबेहूब शीर्षक. विषयावरून चाळायचं काम पोर्टलच्या सर्चवरच करा. डेटासेटच्या पानाच्या पत्त्यात शेवटी जो आकडा असतो तोच रेकआयडी. तुमच्या कामाला 12341 घ्या. सीएमएसच्या 2012 च्या डबलम्यूपार्क्ड डेटामधून फक्त म्युऑन ठेवून केलेली ही नॅनोएओडी, म्हणजे आटोपशीर स्वरूपातली, फाइल आहे.

सर्नओपनडेटा-क्लायंट गेट-मेटाडेटा --रेकआयडी 12341

रेकॉर्डची माहिती, म्हणजे मेटाडेटा, जेसन या मजकुरी फॉरमॅटमध्ये सगळी एकदम अंगावर येते. तो जेसन एकदाच फाइलमध्ये साठवा आणि नंतर हवं तेवढंच मागा:

सर्नओपनडेटा-क्लायंट गेट-मेटाडेटा --रेकआयडी 12341 --आउटपुट-व्हॅल्यू डिस्ट्रिब्यूशन.नंबर_इव्हेंट्स

उत्तर येतं 61540413, म्हणजे 6 कोटी 15 लाखांवर इव्हेंट, तेही एकाच फाइलमध्ये. टिंबाने आतल्या पातळीवर जाता येतं. डिस्ट्रिब्यूशन.साइझ बाइट्समध्ये असतो, इथे तो 2 जीबीपेक्षा थोडा जास्त भरतो. 20 एमबीपीएसची लाइन असेल तर पाव तासात काम होतं, पण चवथीच्या सुटीत गावी जाऊन 4 एमबीपीएसवर बसलात तर सव्वा तास धरा. फील्डचं नाव चुकलं तर ते मेटाडेटात नाही असा एरर येतो. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, साठवलेला जेसन उघडून नाव बघा. सगळ्या रेकॉर्डमध्ये सगळी फील्ड नसतात.

डाउनलोडआधी मी आकारापेक्षा फॉरमॅट आणि सिस्टिम_डिटेल्स बघायला सांगेन. वेळ वाया जातो तो इथे. 2010 ते 2012 चे मूळ डेटासेट एओडी या सविस्तर स्वरूपात आहेत. ते उघडायला सीएमएसएसडब्ल्यूची (सीएमएसचं स्वतःचं सॉफ्टवेअर) ठरावीक जुनी आवृत्ती आणि ग्लोबल टॅग (डिटेक्टरच्या स्थितीची माहिती कुठली घ्यायची ते सांगणारं नाव) लागतो, म्हणजे डॉकर कंटेनर (जुनं सॉफ्टवेअर वेगळं बंदिस्त चालवायची सोय) आला. सिस्टिम_डिटेल्समध्ये रिलीज आणि ग्लोबल_टॅग दिसले तर आधी ती तयारी ठेवा. एकेक डेटासेट टीबींमध्येही जातो. उलट 12341 ची फाइल साधं रूट किंवा पायथनमधलं अपरूट वाचतं, आणि डेटासेट_सिमँटिक्स मागितलं की म्युऑन_पीटी, म्युऑन_इटा, म्युऑन_फाय, म्युऑन_मास, म्युऑन_चार्ज या ब्रँचेसचं (फाइलमधल्या रकान्यांचं) वर्णनही मिळतं. डेसर्टेशनच्या मुदतीत बसणारं हेच.

एओडी घेतलंच तर आणखी एक लक्षात ठेवा. त्यातला इव्हेंटचा आकडा सगळ्या नोंदींचा असतो, डिटेक्टर नीट चालू नसतानाच्या भागासकट. व्हॅलिडेशन या फील्डमध्ये व्हॅलिडेटेड रन्सच्या (तपासून योग्य ठरलेल्या नोंदणी-सत्रांच्या) यादीचा दुवा असतो, ती यादी लावून गाळणी करावीच लागते. नाहीतर ल्युमिनॉसिटीशी (एकूण किती टकरी घडल्या याचं माप) आकडे जुळणार नाहीत.

फाइलचा पत्ता असा मिळतो:

सर्नओपनडेटा-क्लायंट गेट-फाइल-लोकेशन्स --रेकआयडी 12341 --प्रोटोकॉल एक्सरूटडी

एक्सरूटडीने फाइल न उतरवता फक्त हव्या त्या ब्रँच दुरून वाचता येतात. पण त्याला 1094 पोर्ट लागतो, आणि कॉलेज-हॉस्टेलच्या नेटवर्कवर तो अनेकदा बंद असतो. एररही न येता नुसतं अडकून राहिलं तर आधी पोर्टचा संशय घ्या आणि एचटीटीपी वापरा, न सांगितल्यास टूल तेच देतं. शेकडो फाइलींच्या रेकॉर्डमध्ये --नो-एक्स्पँड दिलं की फक्त इंडेक्स फाइली (इतर फाइलींच्या याद्या) दिसतात. डाउनलोड-फाइल्सला --फिल्टर-रेंज 1-2 देऊन आधी दोनच फाइली आणा. --फिल्टर-रेगएक्स्प वापरताना पॅटर्न एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर डॉलर आणि तारा शेलच गिळतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मोठ्या फाइलसाठी एचटीटीपीचा पत्ता घेऊन डब्ल्यूगेट -सी ने उतरवा, तुटलं तिथून पुढे सुरू होतं. फाइल 12341 नावाच्याच फोल्डरमध्ये ठेवा, कारण तपासणी तिथेच बघते:

सर्नओपनडेटा-क्लायंट व्हेरिफाय-फाइल्स --रेकआयडी 12341

ही कमांड फाइलींची संख्या, आकार आणि ॲडलर32 चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा आकडा) पडताळते. फिल्टर लावून काहीच फाइली आणल्या असतील तर संख्येवरच अडते, फाइल खराब असते असं नाही. तेव्हा पायथनच्या झेडलिबने चेकसम स्वतः काढा. मात्र हेक्समध्ये आठ अंक पूर्ण छापा. सुरुवातीचं शून्य गळलं की बरोबर फाइलही चुकीची दिसते.

आणि रूट म्हणालं की ही रूट फाइलच नाही, तर हेड -सी 4 देऊन पहिली चार अक्षरं बघा. खऱ्या फाइलची सुरुवात रोमनमधल्या 'रूट' या चार अक्षरांनीच होते. तिथे कोनी कंसाने सुरू होणारा एचटीएमएल दिसला तर हॉस्टेलच्या वायफायचं लॉगिन पान डेटा म्हणून साठवलं गेलंय. ब्राउझरमध्ये लॉगिन करून ती फाइल पुसा आणि पुन्हा उतरवा, त्या फाइलवर -सी चालवू नका.

साठवलेला जेसन डेसर्टेशनच्या परिशिष्टात ठेवा, त्यातला डीओआय संदर्भात द्या.