आरसीवर एक इंजिन, गाडीत दुसरे

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी मी पुण्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून कोल्हापूर पासिंगची, २०१४ सालची १.३ लिटर डिझेल हॅचबॅक ३ लाख ४० हजार रुपयांना घेतली. जाहिरातीत ‘ओरिजिनल इंजिन, सिंगल ओनर, कंपनी सर्व्हिस’ असे लिहिले होते. आरसी माझ्या नावावर झाली आहे. गेल्या आठवड्यात ऑइलची गळती दाखवण्यासाठी गाडी लिफ्टवर घेतली, तेव्हा ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावरचा, इंजिन नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळत नसल्याचे मेकॅनिकने दाखवले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील नोंदी जुलै २०१९ नंतर थांबतात. विक्रेता म्हणतो, ‘गाडी जशी आहे तशी घेतल्याची तुमची सही आहे आणि इंजिन व्यवस्थित चालते आहे, मग तक्रार कसली?’ ओळखीचा एक गॅरेजवाला आरसीवरचाच नंबर ब्लॉकवर पंच करून द्यायला तयार आहे. मी काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पत्राच्या शेवटी जे लिहिले आहे, त्याचे उत्तर आधी देतो. नंबर पंच करून घेऊ नका. आज तुम्ही फसवले गेलेले ग्राहक आहात. मूळ नंबर घासून त्यावर दुसरा ठोकला, की खाडाखोड करणारे तुम्ही ठराल आणि विक्रेत्याविरुद्धचा तुमच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावाही नाहीसा होईल. शिवाय घासलेला नंबर रासायनिक प्रक्रियेने पुन्हा वाचता येतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे ते नेहमीचे काम आहे.

त्यानंतर तफावत खरोखरच आहे ना, याची खात्री करा. जुन्या नोंदी संगणकावर चढवताना ‘बी’चा ८ झाला किंवा इंजिन नंबराच्या सुरुवातीची अक्षरे गळाली, अशी उदाहरणे नवीन नाहीत. आरसी, आधीच्या वर्षांच्या विमा पॉलिसी आणि मिळाल्यास पहिल्या खरेदीचे बिल व विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, शेजारी ठेवून नंबर अक्षर-अक्षर ताडून पाहा. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून ही गाडी कारखान्यातून कोणत्या इंजिनासह बाहेर पडली, तेही लेखी मागा. चूक टंकनाची निघाली, तर आरटीओकडे दुरुस्तीचा अर्ज केला की विषय संपला. दोन नंबर पूर्णपणे वेगळे असतील, तर पुढचे वाचावे.

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवणे हा गुन्हा नाही. रॉड तुटून ब्लॉक फुटला, ऑइल संपून क्रँक जाम झाला, तर अनेकदा रिबोअरच्या, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा कोरून घेण्याच्या, खर्चापेक्षा दुसरे इंजिन परवडते, आणि मुंबईत कुर्ल्याच्या किंवा दिल्लीत मायापुरीच्या बाजारात जुनी इंजिने सर्रास मिळतात. तुमच्या गाडीच्या बाबतीत ते आणखी सोपे, कारण मूळ फियाटच्या रचनेचे १.३ लिटर डिझेल इंजिन आपल्याकडे मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसत असे; पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत होते. मात्र ते सुमारे ७५ आणि ९० पीएस अशा वेगवेगळ्या ताकदींत आणि वेगवेगळ्या प्रदूषण मानकांसाठी बनले. त्यामुळे बाहेरून सारखे दिसणारे इंजिन तुमच्या गाडीच्या ईसीयूशी (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाशी) आणि आरसीवरील मानकाशी जुळेलच, असे नाही. ब्लॉकवरचा नंबर नेमका कोणत्या मॉडेलचा आहे, हे म्हणूनच पाहावे लागेल.

कायद्याचा आक्षेप आहे तो नोंद न करण्याला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी प्राधिकरणाच्या परवानगीने करायचा आणि आरसीवर चढवून घ्यायचा असतो. कलम ५५(५) त्याहून कठोर आहे : गाडीवर कोरलेला इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीशी जुळत नसेल, तर मालकाला नोटीस देऊन आणि त्याचे म्हणणे ऐकून नोंदणी रद्द करता येते. हे ‘मालक’ आज तुम्ही आहात, तुम्हाला अंधारात ठेवणारा विक्रेता नव्हे. नाव बदलताना हे कसे लक्षात आले नाही, असे तुम्हाला वाटेल. मालकी हस्तांतराच्या फॉर्म ३० वर पेन्सिलने ठसा घेतला जातो तो चेसिस नंबराचा. गिअरबॉक्सच्या जोडाजवळ दडलेला इंजिन नंबर पाहण्यासाठी सहसा कोणी वाकत नाही, आणि पीयूसी यंत्र तर फक्त धूर तपासते. तफावत उघड होते ती अपघाताच्या दाव्यात सर्व्हेअर आल्यावर किंवा १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी होते तेव्हा, म्हणजे तुमच्या गाडीसाठी २०२९ मध्ये. तोवर त्या विक्रेत्याला कुठे शोधणार?

माझ्या मते यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा, की इंजिन बदलावे का लागले. जुलै २०१९ मध्ये नोंदी थांबतात, गाडी कोल्हापूर पासिंगची आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली महापुरात होते. एवढ्यावरून गाडी पुरात बुडाली असे म्हणता येणार नाही. पहिल्या मालकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग सुरू केले असेल, इतके साधे कारणही असू शकते. पण तपासल्याशिवाय राहू नका. पाण्यात उभ्या गाडीला कोणी स्टार्टर मारला, की पाणी सिलिंडरमध्ये शिरते, ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली नसेल तर विमा कंपन्या हे नुकसान सहसा देत नाहीत, आणि मग मालक स्वस्तातले इंजिन बसवून गाडी विकून टाकतो. पुढच्या सीटचे रूळ, कार्पेटखालचा पत्रा, स्पेअर चाकाचा खळगा आणि डॅशबोर्डमागचे वायरिंगचे जोड पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहा. गाडी पुरातली निघाली, तर इंजिनाचा प्रश्न मागे पडतो, कारण वायरिंग आणि एअरबॅगची जोडणी आतून गंजत राहते आणि कोणताही चांगला इंजिन बसवणारा ते भरून काढू शकत नाही. अशी गाडी ठेवून नुकसानभरपाई घेण्याचा विचार करू नका, परतच करा.

आता ‘जशी आहे तशी’ या सहीविषयी. जुन्या वस्तूचा सामान्य झिजेचा धोका खरेदीदाराने पत्करायचा, हे भारतीय कायद्यालाही मान्य आहे. करार कायदा, १८७२ मध्ये कलम १७ खाली घोड्याचे उदाहरण दिलेले आहे : लिलावात घोडा विकणाऱ्याला घोड्यातला दोष माहीत असूनही तो केवळ गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही, पण ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे खरेदीदाराने म्हटल्यावरही तो गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. तुमचा विक्रेता तर गप्पसुद्धा राहिलेला नाही. त्याने ‘ओरिजिनल इंजिन’ असे लिहून दिले. वर्णनावरून केलेल्या विक्रीत वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, असे वस्तू विक्री कायदा, १९३० चे कलम १५ सांगते, आणि छापील फॉर्मवरची एक ओळ त्याला सहजासहजी पुसून टाकू शकत नाही. म्हणून त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि पैसे कोणत्या खात्यात गेले त्याचा पुरावा आजच जपून ठेवा. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हा बचाव पुढे येईलच. पैसे त्याच्याच खात्यात जमा झाले असतील, तर तो फारसा टिकत नाही.

विक्रेता आणखी एक मुद्दा मांडेल : नंबर ब्लॉकवर होता, तुम्हीच वाचायचा होता. करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद त्याच्या बाजूचा वाटतो खरा, कारण साध्या दक्षतेने सत्य कळू शकत असेल, तर केवळ मौनाच्या आधारे करार मोडता येत नाही. पण लिफ्टवर घेतल्याशिवाय न दिसणारा नंबर घरगुती ग्राहकाने वाचावा, ही साधी दक्षता म्हणता येणार नाही, आणि रोज गाड्या खरेदी करणाऱ्या व्यावसायिकाकडून मात्र ती अपेक्षा रास्त आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात आल्याचे पोर्टलवर कळवावे लागते. तुमच्या विक्रेत्याकडे ते अधिकारपत्र आहे का, हे विचारा. उत्तर काहीही आले तरी ते तुमच्या उपयोगाचेच आहे.

कृतीत वेळेला महत्त्व आहे. दोष कळल्यावरही गाडी नेहमीसारखी वापरत राहिलात, तर ती तुम्ही स्वीकारली असे वस्तू विक्री कायद्याच्या कलम ४२ चा आधार घेऊन म्हणता येते. मग गाडी परत करण्याचा हक्क कमकुवत होतो आणि हातात फक्त नुकसानभरपाईची मागणी उरते. त्यामुळे गाडी उभी करा, गळतीसाठीही इंजिन खोलू देऊ नका, विमा कंपन्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या परवानाधारक सर्व्हेअरकडून छायाचित्रांसह अहवाल घ्या आणि स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. नोटिशीत दोन पर्याय मांडा : एक तर विक्रेत्याने इंजिनाच्या खरेदीची व मूळ गाडीची कागदपत्रे देऊन स्वखर्चाने आरसीवर नोंद करून द्यावी, नाही तर गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम, हस्तांतर व विम्याचा खर्च परत करावा. पहिला पर्याय तुम्ही निवडावा तो केवळ पुराचा संशय फिटला आणि इंजिन त्याच मानकाचे निघाले तरच. ‘वीस-तीस हजार घ्या आणि विषय मिटवा’ असा प्रस्ताव येईल. कागदपत्रांशिवाय तो मान्य करणे म्हणजे अडचण विकत घेणे होईल.

दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येत असल्याने पुण्याचे हेलपाटे नकोत. नाशिकमध्येच ती दाखल होईल. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहायला हरकत नाही. काही विक्रेते तेवढ्यानेही नरमतात.

एक गोष्ट मात्र आयोगावर सोडू नका. ब्लॉकवरचा नंबर चोरीच्या गाडीचा नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवरील वाहन शोधात पाहा आणि शंका आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तसे निघाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रारही त्याच अर्जात करावी.

प्रश्न : मी गाडी विक्रेत्याकडून न घेता थेट मालकाकडून घेतली आणि तिचेही इंजिन बदललेले निघाले. मलाही ग्राहक आयोगात जाता येईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : सहसा नाही. स्वतःची एक गाडी विकणारी व्यक्ती व्यापारी ठरत नाही, त्यामुळे तुम्हाला करार कायद्याच्या आधारे दिवाणी न्यायालयात जावे लागेल. तिथे मालक इंजिनाविषयी नेमके काय बोलला, हे सिद्ध करणे सर्वांत अवघड असते. खटल्यापेक्षा मालकाला सोबत घेऊन आरटीओत नोंद करून घेता येते का, हे आधी पाहा. इंजिनाचे बिल त्याच्याकडेच असण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : माझ्या गाडीचे इंजिन फुटले आहे. जुने इंजिन बसवताना कोणती कागदपत्रे घ्यावीत? — एक वाचक, जळगाव

उत्तर : इंजिन बसवण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. विक्रेत्याकडून इंजिन नंबर लिहिलेले जीएसटी बिल घ्या, इंजिन ज्या गाडीतून काढले तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी भंगारात काढल्याचा पुरावा मागा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे संमतीपत्र जोडा. आरसीवर नवा नंबर चढला, की तीच प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीतही बदल करून घ्या.