भावाची डेंग्यूची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, लॅबमधली एलायझा पॉझिटिव्ह. धड किट बनवायला इतकं काय अवघड आहे?

रॅपिड किट म्हणजे फसवणूक, हे तुम्ही प्रश्न विचारतानाच ठरवून टाकलंय. रबाळे एमआयडीसीत अशी किट्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी उमेदवारी केली, त्यामुळे हे मुकाट्यानं वाचवत नाही.

तुमच्या भावाची एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन) शोधणारी रॅपिड टेस्ट केली तापाच्या सहाव्या दिवशी. एनएस१ पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं, पण पाचव्या दिवसानंतर ओसरायला लागतं आणि आयजीएम, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी, चढायला लागतं. त्यात आपल्याकडे कितीतरी जणांना नकळत एकदा डेंग्यू होऊन गेलेला असतो. दुसऱ्या खेपेला जुन्या अँटीबॉडी लगेच उसळतात आणि एनएस१ला चिकटून बसतात. मग एनएस१ पकडायला किटच्या पट्टीवर लावलेल्या अँटीबॉडीनं धरायचं कुठे? लॅबमध्ये आम्ल किंवा उष्णता देऊन ती जोडी सोडवता येते. दवाखान्यात बोटाच्या थेंबावर हे कोण करणार?

आमच्या कंपनीत डेमोला मात्र सेल्सचे साहेब हटकून तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचंच सीरम (रक्तातला पातळ भाग) मागायचे. पॉझिटिव्हची गुलाबी रेघ अशी ठसठशीत उमटायची की डॉक्टर खूश. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सॅम्पलची रेघ ट्यूबलाइटखाली कॅसेट (पट्टीची प्लास्टिकची डबी) तिरकी धरून शोधावी लागायची, आणि वेळ टळून गेल्यावर बघितलं तर वाळत्या पट्टीवर नसलेली रेघही दिसते. माझं म्हणणं एवढंच होतं, की कॅसेटवर पेशंटच्या नावाखाली ‘तापाचा दिवस’ लिहायला जागा ठेवा. साहेब म्हणाले, “अगं, डॉक्टरला दिवस विचारलास तर तो दुसऱ्याचं किट घेईल.” छपाईचा खर्च वाढेल म्हणाले असते तर पटलं तरी असतं!

बाजारात भिकार किट्सही आहेत, ते नाकारत नाही. पट्टी ज्याची बनते त्या नायट्रोसेल्युलोजला दमट हवा सोसत नाही, आणि आपल्याकडे जुलैत पाकीट फोडून ठेवून चहाला जाणारे टेक्निशियन मी पाहिलेत. सरकारी हिशेबातही नुसत्या रॅपिडवरचा रुग्ण ‘संभाव्य’च, पक्कं होतं ते एलायझावर. आणि हो, रिपोर्ट काहीही येवो, ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

भावाच्या रिपोर्टवर तापाचा कितवा दिवस ते लिहिलंय का बघा. नसणारच. त्या लॅबवाल्याशी भांडा, आणि जमलं तर आमच्या साहेबांनाही तो रिपोर्ट दाखवा.