आहाराचा वर्ग पातेल्याभोवती भरवा

या वेळी बहुतेक पत्रं वस्त्यांमध्ये आहाराचे आणि व्यायामाचे वर्ग चालवणाऱ्यांची आहेत. एक पत्र मात्र अशा वर्गात बसणाऱ्या बाईचं आहे. ते मी मुद्दाम निवडलं आहे.

प्रश्न : ताई, मी कमी उत्पन्नाच्या वस्तीत आहाराचे वर्ग घेते. तक्ते लावते, माहितीपत्रकं वाटते. बायका येतात, ऐकतात, माना डोलावतात. पण घरी जाऊन पाहिलं तर ताटात काहीच बदललेलं नसतं. त्यांना पटत नाही की परवडत नाही? कुठून सुरुवात करू?

उत्तर : पटतं हो त्यांना. भाजी मुलांच्या अंगी लागते हे न पटणारी आई मला अजून भेटलेली नाही. पैशाची अडचण तर उघडच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार 2022 साली जगातल्या सुमारे 280 कोटी लोकांना पोषक आहार परवडत नव्हता. तरीही जे पैसे आज खर्च होतात, त्यातसुद्धा ही आई नवीन काही का करून पाहत नाही, हा प्रश्न उरतोच.

त्याचं नेमकं उत्तर केटलिन डॅनियल या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासात आहे. त्यांनी अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या पालकांशी बोलून, त्यांच्याबरोबर खरेदीला जाऊन 2016 मध्ये तो प्रसिद्ध केला. एखादी नवी भाजी मुलाच्या अंगवळणी पडायला ती आठ ते पंधरा वेळा त्याच्यापुढे यावी लागते, हे आहारतज्ज्ञ सांगतच होते. पण तोवर वाया गेलेल्या भाजीचे पैसे कोणी भरायचे? ज्या घरात महिन्याची तोंडमिळवणी कशीबशी होते, तिथली आई मूल नक्की खाईल तेच घरात आणते. हा आळस नाही आणि अज्ञान तर नाहीच. टाकलेल्या घासाचे पैसे गेले आणि वर मूल अर्धपोटी झोपलं, हे तिनं सोसलेलं असतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. नवीन करून पाहण्यातलं नुकसान वर्गानं सोसावं, घरानं नाही. माहितीपत्रकं छापायचे पैसे भाजीत घाला आणि वर्गातच स्वयंपाक करा.

एक शेगडी, एक पातेलं, एक सुरी पुरे. बायकांच्या घरात नसलेलं एकही भांडं आणू नका. इंधन किती दिवस पुरवावं लागतं, पाणी किती वाजता येतं, बाई कामावरून कधी परतते, हे आधी विचारून घ्या आणि त्यात बसेल तेच शिजवा. कडधान्य रात्रभर भिजवलं तर शिजायला किती वेळ कमी लागतो, हे घड्याळ समोर ठेवून दाखवा. इंधन वाचतं म्हटल्यावर सगळ्या पुढे सरकून बसतात. मुलांना बाहेर काढू नका. त्यांच्या हातावर अर्धा चमचा भाजी ठेवा. आग्रह नको, थुंकली तर थुंकली. पुढच्या आठवड्यात तीच भाजी पुन्हा ठेवा. मग कधीतरी एखादं पोर आपणहून वाटी पुढे करतं. त्या दिवशी आईचा चेहरा बघा. ती आता ती भाजी घरी करेल, कारण ती वाया जाणार नाही याची तिला खात्री पटलेली असते.

आणखी एक. तुमच्याच वस्तीत, तितक्याच मिळकतीत, एखाद्या घरातली मुलं चांगली अंगात भरलेली असतील. ते घर शोधा. 1990 च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्थेचं जोडपं व्हिएतनामला गेलं. मुलांच्या कुपोषणावर काही करून दाखवायला तिथल्या सरकारनं त्यांना सहा महिने दिले होते. थान्ह होआ प्रांतातल्या चार गावांत त्यांनी गावकऱ्यांकडूनच मुलांची वजनं करून घेतली आणि विचारलं, अगदी गरीब घरातलं एखादं मूल सुदृढ आहे का? होती अशी मुलं. त्यांच्या आया भातखाचरातली बारीक कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालत होत्या. या गोष्टी फुकट मिळायच्या, पण लहान मुलांना त्या चालत नाहीत असा समज होता. शिवाय दिवसातून दोनदा भरपूर वाढण्याऐवजी त्या थोडं थोडं तीन-चारदा भरवत, आणि भरवण्याआधी हात धूत. मग बाकीच्या आयांना एकत्र बसवून स्वयंपाक सुरू झाला. येताना प्रत्येकीनं मूठभर कोळंबी किंवा पाला गोळा करून आणायचा, हीच प्रवेशाची अट. भाषण कोणी दिलं नाही, सवय मात्र हाताला लागली.

तुमच्या वस्तीतल्या त्या घरची बाई वर्ग घ्यायला तयार असेल तर तिलाच पुढे करा आणि तिला मानधन द्या. अमेरिकेत 1969 पासून चालत आलेला सरकारी पोषणशिक्षणाचा कार्यक्रम असाच उभा आहे. बहुतेकदा त्याच समाजातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन, पगार देऊन तिथे शिकवायला नेमतात. फुकट राबवून घेऊ नका. तिचाही वेळ तिच्या पोटातूनच निघतो.

प्रश्न : आमच्या वर्गात सगळ्यांसमोर वजन करतात आणि आकडा मोठ्यानं वाचतात. माझं वजन जास्त आहे. मी जायचं बंद केलं. ताई, घरात सगळ्यांत कमी मीच खाते, तरी असं का?

उत्तर : तुम्ही जायचं बंद केलंत यात तुमचं काही चुकलं नाही. वजन हे तुमच्यात आणि तुमच्या डॉक्टरांत राहायला हवं. हा मजकूर वर्ग चालवणाऱ्यांनी वाचला तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हे आजच थांबवा. लाजवल्यानं वजन उतरत नाही. माणूस यायचा बंद होतो आणि ज्याला मदत सगळ्यांत जास्त हवी तोच आधी गळतो.

आता तुमचा प्रश्न. कमी पैशात पोट भरायचं तर तेल, साखर आणि मैदा यांवरच भागवावं लागतं. त्यात ऊर्जा भरपूर, बाकी फारसं काही नाही. घरातली बाई दिवसभर काही खात नाही आणि रात्री सगळ्यांचं उरलेलं संपवते. ताटात वाढून घेतलेलं कमी असतं, म्हणून आपण कमी खातो असंच वाटतं. अपुरी झोप आणि डोक्यावरची काळजी यांनीही भूक वाढते.

परिसराचाही हात यात मोठा असतो. अमेरिकेत 1990 च्या दशकात पाच शहरांतल्या अतिगरीब वस्त्यांमधल्या काही कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात राहायला जाण्यासाठी मदत दिली गेली. आहाराचं त्यांना काहीही शिकवलं नव्हतं. तरी दहा ते पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा, ज्यांना ही संधी मिळाली त्या बायकांमध्ये अति लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही कमी निघाले. 2011 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुमच्या शरीराचा सगळा दोष एकट्या तुमच्या माथी मारणाऱ्यांना हे सांगा. तुम्ही एवढं करा : सकाळी कामाला लागण्याआधी काहीतरी खा, उरलेलं संपवण्यासाठी दुसऱ्यांदा बसू नका, आणि रक्तदाब व रक्तातली साखर एकदा तपासून घ्या.

प्रश्न : वस्तीतले लोक दिवसभर अंगमेहनत करतात. त्यांना व्यायाम करा म्हणायला जीभ रेटत नाही. सांगावं की नाही?

उत्तर : जीभ रेटत नाही हे चांगलं लक्षण आहे. सगळ्यांना एकच सांगू नका.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस अशी : प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल करावी, किंवा 75 ते 150 मिनिटं दमवणारी. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हालचाल हवी, अशी अट होती, ती आता काढली आहे. पाण्याच्या खेपा आणि कामावर चालत जाणं हे सगळं धरलं जातं. म्हणजे तुमच्या वस्तीतल्या अनेकांचा कोटा दुपारच्या आतच पूर्ण होतो. ओझी उचलणाऱ्याला सूर्यनमस्कार कशाला? त्याला पाठ न मोडता ओझं कसं उचलायचं ते दाखवा, कंबर-खांदे ताणून सैल करायचे प्रकार शिकवा आणि विश्रांतीची गरज त्याच्या घरच्यांना पटवा. मात्र कोटा भरला तरी दिवसभरच्या जड कामानं हृदयाला तो फायदा मिळतोच असं नाही, जो मोकळ्या वेळातल्या चालण्याखेळण्यानं मिळतो. कामात दम खायला फुरसत नसते आणि वेग दुसरा कोणी ठरवतो.

व्यायामाची खरी गरज आहे ती शिलाईला बसणाऱ्या बायकांना, गाडी चालवणाऱ्यांना आणि मुलींना. पाच ते सतरा वयाच्या मुलांना सरासरी रोज एक तास दमेपर्यंत खेळायला मिळायला हवं. मुलगे मिळेल त्या बोळात खेळतात, मुली दारात उभ्या राहतात. तुमची ताकद इथे लावा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून चालत आलेला एक उपक्रम आहे. तिथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभराहून जास्त किलोमीटरचे रस्ते गाड्यांना बंद असतात. लोक चालतात, सायकली चालवतात, बागांमधून फुकट व्यायामाचे वर्ग भरतात. तुम्हाला एक गल्ली ठरलेल्या दिवशी दोन तास बंद करून मिळाली तरी पुरे. तिथे आया कडेला बसलेल्या असल्या की मुली निर्धास्त खेळतात.

प्रश्न : शाळकरी मुलांना मिठाबद्दल शिकवायचं आहे. एखादी सोपी युक्ती?

उत्तर : एक किलो मिठाची पुडी उघडली की तिच्यावर तारीख लिहायला सांगा आणि संपली की दिवस मोजायला. प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत मीठ असावं. पाच माणसांच्या घरात पुडी किमान चाळीस दिवस जायला हवी. मुलांना तर मोठ्यांपेक्षाही कमी लागतं. स्वयंपाकाशिवाय इतर कशाला मीठ वापरलं असेल तर ते वजा करा. पाकिटबंद खाऊतलं मीठ या हिशेबात येत नाही, ते वेगळं. पुडी वीस दिवसांत संपली असं निघालं तर घरी ओरडाआरडा नको. आठवड्याला चिमूटभर कमी करत जायचं, जिभेला पत्ता लागत नाही. मीठ मात्र आयोडीनयुक्तच घ्यायचं.